वाटाण्याएवढं क्रीम

मुरुमांवरचं ट्रेटिनॉइन नावाचं क्रीम लावायला सुरुवात केली की पहिले काही आठवडे चेहरा सुधारत नाही, उलट बिघडतो. हे ज्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं, ते नेमके त्याच आठवड्यांत घाबरून ट्यूब फेकून देतात आणि 'मला ते औषध सोसलं नाही' म्हणून सोडून देतात. मला ते आधी सांगितलं गेलं होतं, नीट, वेळ देऊन. त्यामुळेच मी टिकले असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहितेय.

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत काउंटरला बसते. पावती फाडताना, पासबुक छापताना समोरचा माणूस चेहऱ्याकडेच बघत असतो. हप्ता भरायला येणाऱ्या एक आजी दर खेपेला काळजीने विचारायच्या, "बाळा, उष्णता झालीय का गं?" कॉलेजात असताना पिंपल्स होते, पण तेव्हा सगळ्यांनाच होते. 'वयाचे आहेत, जातील' असं घरातले म्हणायचे. पंचविशी उलटली तरी ते गेले नाहीत. कपाळावर त्वचेच्याच रंगाचे बारीक बारीक दाणे, उजेड तिरपा पडला की दिसणारे. हनुवटी आणि जबड्याच्या कडेला मोठे, दुखरे, आतच राहणारे फोड. पाळीच्या आधी हमखास. आणि प्रत्येक फोड बसल्यावर मागे तपकिरी डाग. फोड आठवड्यात जायचा, डाग चार-चार महिने मुक्काम करायचा. सावळ्या रंगाच्या माणसाला फोडांपेक्षा या डागांचाच ताप जास्त असतो.

घरचे उपाय सगळे झाले होते. हळद-बेसन, मुलतानी माती, लिंबाचा रस, कडुलिंबाच्या पाल्याचा लेप, रक्तशुद्धीचं कडू औषध. सांगणाऱ्यांनी मायेपोटीच सांगितलं होतं, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. लिंबाने मात्र गाल चांगलाच भाजला होता. शेवटी दिवाळी आटोपल्यावर आईला घेऊन पोवई नाक्याजवळच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले.

मला वाटलं होतं चेहरा बघतील आणि दोन मिनिटांत कागद हातात देतील. मॅडमनी आधी प्रश्न विचारले. पाळी वेळेवर येते का? हनुवटीवर, ओठाच्या वर जाड केस येतात का? वजन एकदम वाढलंय का? डोक्याला तेल कुठलं, किती वेळा? पार्लरमध्ये काय काय करतेस? गोरेपणाचं कुठलं क्रीम लावतेस का, खरं सांग. मग आईच्या समोरच, पण अगदी सहज, विचारलं, "लग्न ठरतंय का? ठरलं आणि बाळाचा विचार असेल तर मला आधी सांगायचं. हे औषध गरोदरपणात आपण वापरत नाही." आई जरा चपापली. मला बरं वाटलं. असं सरळ विचारणारं कुणी भेटलं की आपणही सरळ उत्तर देतो.

तेलाचा मुद्दा मला नवा होता. मी लहानपणापासून रात्री डोक्याला खोबरेल चोपडून झोपणारी. ते तेल कपाळावर उतरतं, उशीच्या अभ्र्याला लागतं, तिथून गालाला. कपाळावर केसांच्या कडेकडेने जे दाणे होते त्यांचं बरंचसं मूळ तिथेच होतं. मॅडम म्हणाल्या, तेल लाव, पण धुवायच्या आधी तासभर, आणि कपाळापासून दोन बोटं मागे. पाळीची तक्रार नव्हती, तरी पीसीओडी, म्हणजे अंडाशयाचा हार्मोन्सशी जोडलेला विकार, नाही ना, याची खात्री म्हणून सोनोग्राफी आणि रक्ताच्या एक-दोन तपासण्या करून घेतल्या. त्या ठीक आल्या.

मग त्यांनी कागदावर एक छोटं चित्र काढलं: त्वचेतलं एक छिद्र, त्यात केसाचं मूळ, बाजूला तेलाची ग्रंथी. छिद्राच्या आतल्या भिंतीवरच्या पेशी सतत झडत असतात आणि तेलाबरोबर बाहेर पडतात. मुरुम होणाऱ्यांच्या छिद्रात त्या सुट्या होत नाहीत. एकमेकींना चिकटून राहतात आणि तोंडाशी बूच बसतं. हे बूच सुरुवातीला इतकं बारीक असतं की डोळ्यांना दिसत नाही. त्याचा दाणा किंवा फोड होईपर्यंत कित्येक आठवडे जातात. म्हणजे आज दिसणारा फोड आज झालेला नसतो. आत तेल साचतं, त्यावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू वाढतात, मग सूज, लाली, पू. ब्लॅकहेडचा काळा रंगही मळाचा नसतो. उघड्या तोंडाशी आलेलं तेल आणि त्वचेतलं रंगद्रव्य हवेच्या संपर्कात राहून काळं पडतं. त्यामुळे घासून, स्क्रब करून ते जात नाही, त्वचा मात्र सोलवटते.

ट्रेटिनॉइन म्हणजे अ जीवनसत्त्वापासून आलेलं आम्ल. ते पेशींच्या आतल्या विशिष्ट ग्राहींना, म्हणजे संदेश पकडणाऱ्या जागांना, जाऊन चिकटतं आणि पेशी कशा वाढाव्यात, कशा झडाव्यात हेच बदलतं. चिकटून बसणाऱ्या पेशी सुट्या होतात, जुनी बुचं निसटतात, नवी बसत नाहीत. म्हणून ते फोडावर ठिपका देऊन लावायचं नसतं, पूर्ण चेहऱ्यावर लावायचं असतं. कारण उद्याचा फोड आज स्वच्छ दिसणाऱ्या जागेवर तयार होत असतो. ही एक गोष्ट समजली आणि माझा या औषधाकडे बघायचा दृष्टिकोन बदलला. "जुनी बुचं एकदम वर यायला लागली की आधी फोड वाढल्यासारखे वाटतील," मॅडम म्हणाल्या. "विहिरीतला गाळ उपसताना पाणी आधी गढूळच होतं. दीड महिना तसं होऊ शकतं. फरक बघायचा तो तीन महिन्यांनी. तोवर आरशासमोर रोज हिशेब मांडत बसायचं नाही. पण डोळ्याभोवती सूज आली, पाणी सुटलं, सहन होणार नाही इतकी आग झाली, तर त्याच दिवशी फोन करायचा." म्हणजे काय सोसायचं आणि काय सोसायचं नाही, दोन्ही सांगून झालं होतं.

चिठ्ठीत लिहिलं होतं: ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के क्रीम, रात्री, आठवड्यातून दोनदा. साधा बिनसाबणाचा फेसवॉश, बिनवासाचं मॉइश्चरायझर, एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन. बस. मेडिकलवाल्याने ट्यूब काढून दिली आणि वर म्हणाला, "ताई, याने वेळ लागतो. आठवड्यात चेहरा उजळवणारं आहे आमच्याकडे, देऊ का?" मी नको म्हटलं. ते 'उजळवणारं' काय असतं ते पुढे महिन्याभरात घरातच बघायला मिळालं.

लावायची पद्धत सांगते, कारण निम्मं औषध त्या पद्धतीत आहे. रात्री चेहरा धुवायचा, मऊ फडक्याने टिपायचा, पुसायचा नाही. मग वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं. ओलसर त्वचेत औषध जास्त शिरतं आणि आग होते. या वेळात मी दुसऱ्या दिवशीची भाजी निवडायचे. मग नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांखाली पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. तिथली त्वचा नाजूक असते आणि क्रीम सरकत सरकत तिथेच जाऊन साचतं. मग मॉइश्चरायझर. मग वाटाण्याएवढं क्रीम, पूर्ण चेहऱ्याला मिळून तेवढंच. फिकट पिवळसर रंगाचा तो ठिपका बोटावर घेतला की वाटतं, एवढ्याने कपाळसुद्धा व्हायचं नाही. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असे कण ठेवून बोटांच्या टोकाने पसरायचं. पसरल्यावर काही लावलंय असं जाणवतही नाही. वर पुन्हा मॉइश्चरायझर. सुरुवातीला त्वचेला सवय होईपर्यंत असं मध्ये दाबून लावायला सांगितलं होतं. जास्त लावलं म्हणून लवकर गुण येत नाही. फक्त साल जास्त निघते. आणि आपल्या रंगाच्या त्वचेला आग-लाली झाली की तिचाही डाग पडतो, त्यामुळे हळूहळू वाढवण्यात आपला फायदा जास्त.

रात्रीच का, तर ट्रेटिनॉइन उजेडात टिकत नाही, आणि हे औषध चालू असताना त्वचा उन्हाला हळवी होते.

पहिल्या दोन आठवड्यांत काहीच झालं नाही. ना गुण, ना त्रास. मग एक दिवसाआड करायला सांगितलं होतं तसं केलं आणि थंडीही वाढली. साताऱ्याची थंडी कोरडी. आधी तोंडाभोवतीची त्वचा ताणल्यासारखी झाली, मग तिथून पापुद्रे सुटायला लागले, पांढरे, बारीक, पावडर लावली की आणखी उठून दिसणारे. जांभई दिली की ओठांचा कोपरा चरचरायचा. जेवताना लोणच्याचा खार त्या कोपऱ्याला लागला की डोळ्यांत पाणी यायचं. माझ्या ताटातलं लोणचं त्या महिन्यात आईने बंदच केलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाली. आणि त्याच वेळी कपाळावर, जिथे नुसते दाणे होते, तिथे पिवळ्या टोकाचे फोड आले, एकदम सात-आठ. हनुवटीवर दोन मोठे.

काउंटरवर बसून हे सोसणं सोपं नव्हतं. आजींनी बघितलं आणि या वेळी काही विचारलंही नाही, नुसता माझ्या हातावर हात ठेवला. मी मॅडमना फोन केला. त्यांनी फोटो मागवला, बघितला आणि म्हणाल्या, "हे अपेक्षित आहे. आता पापुद्रे ओढायचे नाहीत. तीन-चार रात्री सुट्टी दे, नुसतं मॉइश्चरायझर, मग पुन्हा आठवड्यातून दोनदापासून. थांबणं म्हणजे औषध सोडणं नव्हे." तो फोन झाला नसता तर मी काय केलं असतं ते सांगता येत नाही. पाच मिनिटंही लागली नसतील त्यांना. छोट्या गावातल्या डॉक्टरांनी असा फोन उचलणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तिचं मोल फीमध्ये मोजता येत नाही.

याच दिवसांत मावसभावाचं लग्न आलं, कऱ्हाडला. हळदीला सगळं गणगोत जमलेलं. मावशी हळदीची वाटी घेऊन प्रत्येक लग्नाळू पोरीच्या गालाला बोटं लावत फिरत होती. माझ्यापाशी आली. "ये गं, लागू दे, यंदा तुझंही उरकू." मी दोन्ही हात पुढे केले. "मावशी, हाताला लाव हवी तेवढी. चेहऱ्याला औषध चालू आहे." तिने कोपरापर्यंत माखले, आणि माझ्या कपाळाकडे बघून आईला बाजूला घेऊन म्हणाली, "हिला कसलं औषध दिलंय? होतं त्यापेक्षा बिघडलंय की." आईचा चेहरा उतरला.

तिथेच मामेबहीण भेटली, दहिवडीहून आलेली. वर्षभराने बघत होते तिला. गाल लालबुंद, चकचकीत, बारीक लालसर रेषा दिसणाऱ्या, कानांच्या पुढे आणि गालांवर लव वाढलेली. मांडवात उन्हाची तिरीप आली की ती पदर पुढे ओढायची, आग होते म्हणून. रात्री खोलीत तिने पर्समधून ट्यूब काढली. कुणीतरी पार्लरमधून दिली होती. चेहरा उजळतो म्हणून जवळजवळ वर्षभर ती रोज लावत होती. पहिल्या महिन्यात खरंच उजळला होता. मग एखाद्या दिवशी नाही लावली की आग, पुरळ, म्हणून पुन्हा लावायची. मी ट्यूब उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचलं. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन.

आईही वाचत होती. ती माझ्याकडे वळली. "तुझ्या ट्यूबवर पण हेच नाव आहे." शेवटच्या शब्दावर तिने बोट ठेवलं होतं. "उद्यापासून बंद करायचं."

मला त्या क्षणी नीट उत्तर देता आलं नाही. मी एवढंच म्हटलं की आपण तिघी डॉक्टरांकडे जाऊ. लग्न झाल्यावर मामेबहिणीला साताऱ्यालाच ठेवून घेतलं आणि गेलो.

मॅडमनी दोन्ही ट्यूब टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. त्या तीन औषधांचं मिश्रण मुळात वांगांसाठी आहे, थोड्या आठवड्यांपुरतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. १९७५ मध्ये अमेरिकेत त्याचं पहिलं सूत्र आलं. त्यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड. ते सूज-लाली दाबतं, हायड्रोक्विनोन रंग फिका करतं, म्हणून सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो. महिनोन् महिने लावलं की त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, पुरळ उठतं, ऊन सोसत नाही, आणि थांबवलं की चेहरा पेटतो. आपल्या देशात हे इतकं पसरलंय की इथल्या त्वचारोगतज्ज्ञांनीच त्याला स्वतंत्र नाव दिलंय, टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइड असलेली चौदा मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. नियम कागदावर आहे. ट्यूब पार्लरमध्ये मिळते.

मग त्या आईकडे वळल्या. "काकू, नाव एकच आहे, पण चेहरा जाळला तो त्यातल्या स्टेरॉइडने. तुमच्या मुलीच्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड नाही. ट्रेटिनॉइनने वरचा मेलेला थर पातळ होतो म्हणून साल निघते, पण खालची जिवंत त्वचा उलट जाड होते." आईने दोन्ही ट्यूब पुन्हा वाचल्या, डोळ्यांजवळ धरून. त्यानंतर घरात ट्यूब बंद करायची भाषा झाली नाही. पुढे माझ्या रात्री चुकू नयेत म्हणून तीच मला आठवण करायला लागली.

मामेबहिणीचं सगळं वेगळं सुरू झालं. तिचं ते क्रीम बंद, पण पुढचे आठवडे चेहरा भडकणार हे तिला आणि मामीला बसवून समजावून, सोबत सूज उतरवणारी स्टेरॉइड नसलेली औषधं देऊन. तिला रात्री फोनवर रडताना ऐकलंय मी. तिच्या वाट्याला आलेलं दुखणं माझ्यापेक्षा कितीतरी मोठं होतं, आणि ते तिला कुणीतरी हसत हसत विकलं होतं. याचा मला आजही राग येतो.

तिच्या निमित्ताने मी या औषधाबद्दल बरंच वाचलं. ट्रेटिनॉइन मुरुमांवर चालतं हे दाखवणारा महत्त्वाचा अभ्यास १९६९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. १९७१ मध्ये तिथे औषधाला मान्यता मिळाली. मामेबहिणीच्या ट्यूबमधल्या मिश्रणाचं मूळ सूत्रही याच क्लिगमन यांचं. आणि हेच क्लिगमन फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या अंगावर वर्षानुवर्षं प्रयोग करत होते. १९७४ मध्ये ते थांबले. कैद्यांमध्ये बहुसंख्य काळे होते, आपल्या अंगाला काय लावलं जातंय हे त्यांना धड सांगितलेलं नव्हतं. २०२१ मध्ये विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने आणि २०२२ मध्ये फिलाडेल्फिया शहराने माफी मागितली. माझ्या गालावरच्या त्या वाटाण्याएवढ्या क्रीममागे हा इतिहास आहे, आणि तो माहीत असायला हवा असं मला वाटतं. ज्यांना काही सांगितलं गेलं नाही अशा माणसांच्या कातडीवरून हे ज्ञान आलंय.

जानेवारीत साल निघायची कमी झाली. तेव्हा मॅडमनी सकाळसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के जेल जोडलं, फक्त हनुवटी आणि जबड्याला, थोडा वेळ ठेवून धुवायचं. ते जिवाणूंवर काम करतं, आणि त्याला जिवाणू निर्ढावत नाहीत. नुसत्या अँटिबायोटिक मलमाला निर्ढावतात. रात्री ट्रेटिनॉइनवर ते लावायचं नाही, त्याने ट्रेटिनॉइनचा कस जातो. हे जेल कापडाचा रंग उडवतं. आईच्या आवडत्या निळ्या टॉवेलवर माझ्या हनुवटीच्या आकाराचा पांढुरका डाग अजून आहे. घरात पांढरे टॉवेल वेगळे ठेवा, एवढं सांगून ठेवते.

उन्हाचं प्रकरण मला वाटलं त्याहून कटकटीचं निघालं. गोडोलीहून नाक्यापर्यंत स्कूटीवर जाते. आम्ही मुली स्कार्फ घट्ट बांधतो, त्याने ऊन अडतं हे खरं, पण सिंथेटिक कापड नेमकं जबड्यावर घासतं आणि घामाने आतल्या आत भिजतं. सुती स्कार्फ घेतले, रोज धुतलेला. हेल्मेटचा पट्टा पुसायची सवय लावली. सनस्क्रीन तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीएवढं, म्हणजे आपण लावतो त्याच्या तिप्पट. आधी घेतलेलं आपल्या रंगावर राखाडी दिसायचं, दुपारी पुन्हा लावायला नको वाटायचं. मग जेलसारखं, रंग न दिसणारं मिळालं तेव्हा गाडी रुळावर आली. पार्लरवालीलाही सांगून ठेवलं: वरच्या ओठाला वॅक्स नाही. ट्रेटिनॉइन चालू असताना वॅक्सने त्वचेचा थरच निघून येतो. भुवयांना दोरा, तोही आधीच्या काही रात्री तिथे क्रीम न लावता. फेशियल, वाफ, ब्लीच सगळं बंद. तिचं माझ्याकडून मिळणारं उत्पन्न कमी झालं, पण तिने मनावर घेतलं नाही. आता तीच इतर मुलींना विचारते, "चेहऱ्याला कसलं औषध लावता का?"

गुण आला तो आधी हाताला कळला. फेब्रुवारीत एका सकाळी चेहरा धुताना बोटं कपाळावरून सरळ घसरली. वर्षानुवर्षं तिथे वाळूच्या कागदासारखं लागायचं, ते नव्हतं. आरशात अजून डाग दिसतच होते, म्हणून नजरेला फरक कळला नव्हता. मी ओल्या हातांनीच आईला बोलावलं आणि तिचा हात कपाळाला लावला. तिने दोनदा फिरवला. "आता पुरळ काही लागत नाही हाताला," म्हणाली.

रंगपंचमीच्या आधी आणि नंतर मिळून काही रात्री सुट्टी घेतली, मॅडमना विचारून. उन्हाळ्यात त्वचा कोरडी राहिली नाही, तेव्हा आधीचं मॉइश्चरायझर गाळलं आणि क्रीम रोज रात्री सोसायला लागलं. मग ०.०५ टक्क्यांचं दिलं. त्याने पुन्हा आठवडाभर तोंडाभोवती साल निघाली, पण आता मला ते ओळखीचं होतं. पावसाळा येईपर्यंत हनुवटीवरचे मोठे फोड महिन्याला एखादा, तोही दोन दिवसांत बसणारा, इथवर आलं होतं.

डाग सावकाश गेले. कपाळावरचे आधी, जबड्यावरचे सगळ्यात शेवटी, दोन-तीन अजून फिके आहेत. डागांसाठी मध्ये काही महिने ॲझेलेइक ॲसिड दिलं होतं. डाग म्हणजे रंग, तो विरतो. खड्डे मात्र क्रीमने भरत नाहीत हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझ्या डाव्या गालावर टोकदार सुईने टोचल्यासारखे चार-पाच आहेत, लिंबाच्याही आधीच्या काळातले. सगळ्या मुलींना माझं हेच सांगणं आहे की खड्डे पडायच्या आधी डॉक्टरकडे जा. 'वयाचे आहेत, जातील' म्हणत काढलेल्या वर्षांचा वसूल त्या खड्ड्यांतून होतो.

मामेबहीण बरी आहे. लाली बरीच उतरली, लवही विरळ झाली, उन्हात अजून जपावं लागतं. तिच्या कपाळावर मूळचे मुरुम होतेच. त्यांच्यासाठी तिला आता ॲडापलीन सुरू केलंय, ट्रेटिनॉइनच्याच कुळातलं पण सौम्य. तिच्या त्वचेने जोर धरेपर्यंत मॅडमनी त्याला हात लावू दिला नाही. पहिल्या आठवड्यांत साल निघाली तेव्हा तिने मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, हे ते चांगलं वालं ना?" मी तिला मॅडमचा नंबर पुन्हा पाठवला आणि म्हटलं, मला वाटतं हो, पण त्यांनाही दाखव.

मी सध्या आठवड्यातून तीन रात्री लावते. चेहरा स्वच्छ झाला म्हणून बंद करायचं नसतं. बारीक बुचं बसायची प्रवृत्ती त्वचेची आहे, ती औषध थांबलं की परत डोकं वर काढते. एक ट्यूब कित्येक महिने पुरते, एखाद्या फेशियलला जातात त्याहून कमी पैशांत. घरात माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. लग्न ठरलं की मॅडमना कळवायचं, हे आईच्या पक्कं लक्षात आहे. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. डाव्या गालावरच्या खड्ड्यांचं काय करता येईल ते तेव्हा बघू असं मॅडम म्हणाल्या आहेत.